मराठवाड्यात अबार्थ पुंटो: सांभाळायची कशी, बदलायची किती

१९ ऑक्टोबर २०१५ रोजी फियाटची अबार्थ पुंटो भारतात आली, तेव्हा तिची दिल्लीतील शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार रुपये होती आणि तेवढ्या पैशांत १४५ अश्वशक्तीची दुसरी हॅचबॅक या देशात मिळत नव्हती. तरीही ती फारशी खपली नाही. सेवा केंद्रे मोजकी, सुट्या भागांबद्दलची ओरड जुनी, अंगकाठी २००९ च्या ग्रँड पुंटोचीच आणि पुढे विकायला काढली तर किंमत येणार नाही ही धास्ती पक्की. त्यामुळे बहुतेकांनी ती चालवून पाहिली, तोंडभरून कौतुक केले आणि घरी पोलो किंवा स्विफ्ट नेली. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, तोवर फियाटच्या नावाने गाड्या विकणेच भारतात बंद झाले होते. आज ही गाडी जुन्या बाजारातच मिळते आणि तिथेही तिला समजून घेणारे गिऱ्हाईक विरळाच असते.

माझी गाडी मी लातूरहून आणली आणि गेली काही वर्षे ती संभाजीनगरात वापरतो आहे. या काळात मला एक गोष्ट स्वच्छ कळली आणि पुढचे सगळे लेखन त्याच आधारावर आहे: या गाडीत ताकद वाढवण्यावर पहिला रुपया खर्च करू नये. कारखान्यातून निघताना तिच्यात जे होते त्यातले बरेचसे आपल्याकडच्या उन्हाने, धुळीने आणि बोअरच्या पाण्याने खाऊन टाकलेले असते. ते आधी परत आणावे. तेवढे झाले की बदल करण्याची निम्मी इच्छा आपोआप शमते.

ओळख थोडक्यात करून देतो. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत ही संस्था उभी केली; विंचू ही त्यांची रास, म्हणून चाकांवर आणि बोनेटवर विंचवाचे चिन्ह असते. १९७१ मध्ये फियाटने ती विकत घेतली. आपली अबार्थ पुंटो मात्र रांजणगावची, म्हणजे आपण पुण्याला जाताना ज्या औद्योगिक वसाहतीवरून जातो तिथलीच. तिचे इंजिन १३६८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे टी-जेट (फियाटचे टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारे पेट्रोल इंजिन), मिनिटाला २००० ते ४००० फेऱ्यांमध्ये २१२ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि स्टिअरिंग जुन्या पद्धतीचे हायड्रॉलिक. हे स्टिअरिंग जड आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते या गाडीत जे काही सर्वांत चांगले आहे ते तेच आहे, कारण रस्ता सुटायला लागला की ते हाताला आधी सांगते.

गाडी विकत घेताना एका फसवणुकीपासून सावध राहावे. ग्रँड पुंटोमध्ये १.४ लिटरचे साधे, टर्बो नसलेले, ९० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिनही येत असे आणि त्याची क्षमतासुद्धा १३६८ सीसीच आहे. त्यामुळे आरसी बुकावर १३६८ हा आकडा दिसला म्हणून समोरची गाडी टी-जेट ठरत नाही. विंचवाचे स्टिकर आणि चाके तर कोणालाही लावता येतात. आरसीवर मॉडेलचे नाव काय आहे ते वाचावे, बोनेट उघडून टर्बो आणि त्याच्याकडे जाणारे जाड पाइप डोळ्यांनी पाहावेत आणि मागच्या चाकांच्या फटीतून डिस्क दिसते की ड्रम तेही पाहावे. इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक आरसीशी जुळवावेत, बँकेचा बोजा उतरला आहे का ते तपासावे.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि मालकाला आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नका असे आवर्जून सांगावे. बोनेटवर हात ठेवून इंजिन थंडगार असल्याची खात्री करावी, ऑइलचे झाकण उघडून आत सायीसारखा पांढरट थर आहे का ते पाहावे आणि मगच किल्ली फिरवावी. मागे सायलेन्सरकडे एक माणूस उभा करावा. निळसर धूर दिसला आणि तो थांबला नाही, तर टर्बोचे सील किंवा इंजिन, यांपैकी कशाचा तरी खर्च ठरलेला आहे. नंतर तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १८०० फेऱ्यांवरून पाय पूर्ण दाबावा: २००० च्या पुढे गाडीने एकसारखी ओढ घेतली पाहिजे. मध्येच धक्के बसले तर बहुधा प्लग किंवा कॉइल. ओढच आली नाही आणि फुस्स असा आवाज आला तर टर्बोचा एखादा पाइप किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. हे दोष स्वस्तात सुटतात, पण भाव करताना ते बोलून दाखवायला हरकत नाही. खड्ड्यातून जाताना पुढून येणारी खडखड म्हणजे लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड. मराठवाड्यात फिरलेल्या पुंटोत ती नसेल तर उलट आश्चर्य मानावे.

घरी आणल्यावर पहिले काम कूलिंगचे. याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझा धडा मी इथेच शिकलो. गाडी आणल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, एसी चालू ठेवून मी मांजरसुंब्याचा घाट चढत होतो आणि पुढे उसाचे नव्हे पण कडब्याचे दोन ट्रक एकामागे एक रांगत होते. तापमानाचा काटा नेहमी मध्यावर खिळलेला असतो. तो सावकाश वर सरकू लागला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण गरम करून पंखा चारवर टाकला, खिडक्या उघडल्या आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे थांबला म्हणून हेड गॅस्केट वाचली. दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट काढला, तर त्याच्या झडपेवर चहाच्या जुन्या पातेल्याला बसतो तसा पांढरा, खरखरीत थर होता. आधीच्या कोणत्या तरी गॅरेजात कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतत होते. आपल्याकडचे बोअरचे पाणी किती जड असते हे ज्याने घरातला गीझर उघडून पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून जुनी पुंटो घेतली की कूलंट कितीही ताजे दिसत असले तरी ते पूर्ण काढून टाकावे. डिस्टिल्ड पाण्याने व्यवस्था दोनतीनदा धुवावी, नवा थर्मोस्टॅट बसवावा, टाकीचे झाकण बदलावे आणि प्लॅस्टिकच्या जोडांवर व कूलंटच्या टाकीच्या सांध्यांवर बारीक चिरा आहेत का ते उजेडात निरखून पाहावे. फियाटसाठी लाल रंगाचे ऑरगॅनिक प्रकारचे कूलंट असते. ते निम्मे आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे असे भरावे. बाजारातले हिरवे कूलंट त्यात मिसळू नये. भरताना हवा अडकते, त्यामुळे हवा काढण्याचे स्क्रू सैल करून एकसारखी धार येईपर्यंत थांबावे. हे काम घाईच्या माणसाकडे देऊ नये. शेवटी गाडी उभ्या उभ्या गरम होऊ देऊन रेडिएटरचा पंखा सुरू होतो का, एसी लावल्यावरही फिरतो का, आणि कमी व जास्त अशा दोन्ही वेगांवर चालतो का ते पाहावे. रेडिएटर, एसीचे कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्या जाळ्यांत सोयाबीनचा भुसा आणि किडे अडकून बसलेले असतात. ते मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने काढावेत. प्रेशर वॉशरने जाळीची पाती लोळतात आणि मग हवा जातच नाही.

दुसरे मोठे काम टायमिंग बेल्टचे. डिझेल पुंटोच्या १.३ मल्टिजेटला चेन असते, टी-जेटला पट्टा, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन जागेवर बसते. आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून चालावे. किलोमीटर कमी असले तरी वयाने रबर कडक होते, त्यातून आपल्याकडचे ऊन. मी स्वतः पाच वर्षांपुढे थांबत नाही. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि उद्या तो गळायला लागला तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारावा: कॅमशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवण्याचे लॉकिंग टूल तुमच्याकडे आहे का? ‘खुणा करून बसवतो’ असे उत्तर आले तर चहा पिऊन परत यावे. माझ्या मिस्त्रींकडे ते टूल नव्हते. आम्ही मोजमापे घेऊन वाळूजच्या एका लेथवाल्याकडून ते करून घेतले आणि आता ते त्यांच्या भिंतीवर टांगलेले असते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या पट्ट्यात दुचाकीपासून मोटारींपर्यंतचे भाग घडवणारे हात आहेत. इटलीची गाडी सांभाळायला मराठवाडा दिसतो तितका वाईट नाही.

सुट्या भागांची भीती निम्मी खरी आहे. दरवाजे, काचा, दिवे, आरसे हे सगळे साध्या पुंटोचेच, त्यामुळे ते स्क्रॅपमधूनही मिळते. इंजिनाचे पुष्कळ भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट आणि अबार्थच्या इंजिनाची अव्हेंचुरा या गाड्यांशी जुळतात. मात्र ‘हेच बसते’ या बोलण्यावर विसंबू नये. चॅसिस क्रमांकावरून फियाटच्या ईपर या सूचीत भागाचा क्रमांक काढावा आणि त्याच क्रमांकाने मागणी करावी. घरात एक कॉइल, प्लगचा एक संच, थर्मोस्टॅट, कूलंटच्या टाकीचे झाकण आणि टर्बोच्या पाइपचे दोन क्लॅम्प कायम असावेत. परभणीत किंवा हिंगोलीत रविवारी संध्याकाळी यांतले काहीही मिळणार नाही.

ऑइल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० वापरावे आणि सेवा पुस्तिका काहीही म्हणो, आपल्या धुळीत ते आठ हजार किलोमीटरच्या आत बदलावे. टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर तरंगत फिरतो. ऑइलची कांडी दर दुसऱ्या रविवारी पाहण्याची सवय ठेवावी. समृद्धीवरून ताणून आल्यावर लगेच किल्ली काढू नये. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश यावे किंवा मिनिटभर इंजिन नुसते चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून चिकटत नाही. एअर फिल्टरच्या बाबतीत मी उलट्या मताचा आहे. तेल लावलेले कापडी फिल्टर हवा जास्त घेतात, पण धूळही जास्त आत सोडतात, आणि काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते. साधा कागदी फिल्टर लावावा आणि दुप्पट वेळा बदलावा.

पेट्रोल शक्यतो ९५ ऑक्टेनचे किंवा त्याहून वरचे भरावे. साध्या पेट्रोलवर गाडी चालते, पण मे महिन्यात इंजिन ठोकायला लागते. मग नॉक सेन्सर ठिणगी मागे खेचतो आणि विकत घेतलेली ताकद तुम्हाला मिळतच नाही. लहान गावांत असे पेट्रोल प्रत्येक पंपावर नसते, म्हणून लांब निघताना जिल्ह्याच्या गावातच टाकी भरून घ्यावी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, हे लक्षात घेऊन इंधनाचे रबरी पाइप दरवर्षी वाकवून पाहावेत आणि गाडी महिनामहिना भरल्या टाकीने उभी ठेवू नये. ॲव्हरेजबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. कागदावर लिटरला १६.३ किलोमीटर आहे. मला शहरात नऊ आणि महामार्गावर, पाय आवरला तर, तेरा मिळते. पाय आवरत नाही.

आता बदलांकडे वळू. पण आधी कायदा. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षा मोठी अडचण विम्याची आहे, कारण न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडला तर दावा अडकतो. म्हणून माझा नियम असा की रंग, चाकांचा व्यास, आवाज आणि उत्सर्जन या चार गोष्टींना हात लावायचा नाही, आणि जे करायचे ते विमा कंपनीला लेखी कळवून, पुन्हा मूळ रूपात आणता येईल असेच करायचे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर मला नकोच वाटतो. टी-जेटचा मूळ आवाज घुमा आहे आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना तो सहन होतो.

पहिला बदल टायरचा. मूळ माप १९५/५५ आर १६ आहे. तेच ठेवून चांगल्या पकडीचे टायर घेतले की ही गाडी वेगळीच वाटते. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत लिहिलेले असते, ते दुकानातच वाचावे. समृद्धी महामार्गाचे काँक्रीट दुपारी भट्टीसारखे तापते आणि तिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाने तासभर चालताना जुना किंवा कमी हवेचा टायर काय करतो ते वेरूळपासून जालन्यापर्यंतच्या दुभाजकांवर पडलेल्या रबराच्या चिंध्या सांगतात. हवा थंड टायरात, दरवाज्यावरच्या तक्त्याप्रमाणे भरावी. वेगळी चाके घेण्याचा मोह झालाच तर छिद्रांचे अंतर आणि मधल्या छिद्राचा व्यास आधी मोजावा; या गाडीची चाके नटांनी नव्हे तर बोल्टांनी बसतात आणि चुकीच्या लांबीचा बोल्ट आत घासतो किंवा पुरेसा धरत नाही.

दुसरा बदल ब्रेकचा, आणि तोही साधाच: डॉट-४ दर्जाचे नवे ऑइल, उत्तम प्रतीचे पॅड आणि जमल्यास पोलादी जाळीचे होस. औट्रम घाटातून कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिले तर तेवढे पुरे समजावे. रंगवलेले कॅलिपर छान दिसतात, थांबवण्याशी त्यांचा संबंध नाही.

सस्पेन्शनमध्ये लोकांना गाडी खाली बसवण्याची फार हौस असते. अबार्थ आधीच साध्या पुंटोपेक्षा खाली आहे. तिला १५५ मिलिमीटरच जागा मिळाली आहे आणि आपल्या गावांतले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. आणखी वीस मिलिमीटर खाली नेली की पहिल्याच गावात ऑइलच्या चेंबरची किंमत विचारावी लागते. त्याऐवजी चारही शॉकअप, स्ट्रटचे माउंट आणि लोअर आर्मचे बुश एकदम नवे करावेत व अलाइनमेंट करून घ्यावी. माझ्या गाडीचा सर्वांत समाधानकारक ‘बदल’ हाच ठरला, आणि तो करताना गाडीत मूळ नसलेला एकही भाग घातला नाही.

दिव्यांबद्दल एक आवर्जून सांगायचे आहे. जुन्या पुंटोच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडतात आणि उजेड अर्ध्यावर येतो. ऑक्टोबरनंतर लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, कडेच्या शेतातून रोही (नीलगाय) अचानक रस्त्यावर येतो, आणि दिवसा शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलेले असते. काचा घासून पॉलिश करून घ्याव्यात, वायरिंगला स्वतंत्र रिले बसवावा, मूळ क्षमतेचेच बल्ब लावावेत. आणि पसरलेल्या पिकावरून गाडी नेण्याची वेळ आलीच तर पुढे गेल्यावर उतरून खाली वाकून पाहावे. ताणून आलेल्या टर्बो गाडीच्या एक्झॉस्टला गुंडाळलेले सोयाबीनचे काड पेटायला फार वेळ लागत नाही.

हे सगळे झाल्यावर, आणि त्यानंतर गाडीने एक पूर्ण उन्हाळा काटा न हलवता काढल्यावरच, ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) मॅपचा, म्हणजे त्यातल्या इंधन आणि ठिणगीच्या आज्ञांचा, विषय काढावा. टर्बो इंजिन असल्याने नुसत्या मॅपनेही फरक ठळक जाणवतो. युरोपात अबार्थ ग्रँड पुंटोचे हेच टी-जेट १५५ अश्वशक्ती देत असे आणि कंपनीच्याच एसेएसे नावाच्या किटने १८० पर्यंत जाई, हे दाखले इथे हटकून दिले जातात. मात्र त्या किटमध्ये मॅपबरोबर टर्बो, स्प्रिंगा आणि ब्रेकही बदलत असत, हे सांगायचे राहून जाते. आपल्या क्लच प्लेटलाही वय झालेले असते. चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही असे होऊ लागले तर ती गेली समजावे.

मॅप करणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात: गाडी ४३ अंशांच्या उन्हात चालणार आहे, कधी कधी साधे पेट्रोल पोटात जाणार आहे, आणि मला वरचा आकडा नको, २५०० ते ४५०० मधली भरीव ओढ हवी आहे. त्याने कामाआधी आणि कामानंतर गाडीवर लॅपटॉप लावून ठिणगी किती मागे जाते, हवेचे तापमान किती होते याची नोंद दाखवली पाहिजे. पंधरा मिनिटांत बाजारची तयार फाइल टाकून पैसे मागणाऱ्याकडे गाडी देऊ नये. मॅपनंतर प्लग पुस्तिकेत दिलेल्याच उष्णता श्रेणीचे, पण नवे असावेत आणि पीयूसी लगेच करून पाहावी.

मूळ मॅपची प्रत मात्र काम सुरू होण्याआधीच मागून घ्यावी. माझी एका पेनड्राइव्हवर आहे, आणि तो पेनड्राइव्ह, जुने पॅड, जुने होस आणि पट्ट्याची सगळी बिले माळ्यावर एका पोत्यात बांधून ठेवली आहेत. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायला आरटीओत जाताना तेच पोते खाली काढावे लागणार आहे.